मंगळ वाजवला रे मन्या!

प्रिय मन्या,

रात्रीचे पावणेबारा झालेत, उद्या शाळा आहे, आई दोनदा दार वाजवून गेली पण झोप येणं शक्यच नाहीये. आज शाळेच्या बँडच्या कॉन्सर्टमध्ये वाजवलं, कान अजून वाजतायत. तुझा मेसेज आला होता ना, "कसं झालं रे", आणि मी नुसतं "भारी" लिहून पाठवलं, आणि मग गाडीत बसल्याबसल्या वाटलं की हे काही खरं नाही, याला "भारी" एवढंच म्हणून चालणार नाही, मन्याला नीट बसून लिहायला पाहिजे. कारण इथे मी कोणाला सांगू? बँडमधल्या पोरांना सांगायची गरज नाही, ती तिथेच होती. आई-बाबा समोर बसून ऐकत होते, त्यांना खूप आवडलं, बाबांचे तर डोळे भरून आले होते, पण समोर बसून ऐकणं वेगळं आणि त्याच्या आत बसणं वेगळं. हे तुला कळेल. तू ताशा वाजवतोस.

तुला आठवतंय का, सहावीत असताना तुझा दादा आपल्याला नदीपात्रात घेऊन गेला होता, पथकाची प्रॅक्टिस बघायला? संध्याकाळची वेळ, बारीक पाऊस, आणि आपण दोघं चुकून ढोलांच्या दोन रांगांच्या मध्ये उभे राहिलो आणि तेवढ्यात त्यांनी हात सुरू केला. तो आवाज कानातून येतच नव्हता रे, पोटातून येत होता, शर्ट हलत होता. तू तेव्हाच ठरवलंस की आपण वाजवायचं. मला तेव्हा भीती वाटली होती, हे मी तुला कधी सांगितलं नाही. आज ती सगळी संध्याकाळ मला परत आठवली, फक्त या वेळी वाजवणाऱ्यांत मी होतो.

आता पहिल्यापासून सांगतो. आठवीनंतर आम्ही इकडे न्यू जर्सीला आलो तेव्हा शाळेत म्युझिकचा एक विषय घ्यायचाच होता, आणि बँड डायरेक्टर सरांना खालच्या आवाजाचं ब्रास, म्हणजे पितळी वाद्य, वाजवणारी पोरं हवी होती, त्यांनी शाळेचाच एक पोचे पडलेला ट्रॉम्बोन हातात दिला. तीन वर्षं झाली आता. तुला फोटो पाठवला होता, ती लांब नळी पुढेमागे सरकवतात ते. त्याला स्लाईड म्हणतात, सात पोझिशन असतात पण नळीवर कुठेही खूण नाही, पडदे नाहीत, बटणं नाहीत, सूर कानानेच शोधायचा. आपल्या तबल्याच्या क्लासला शेजारच्या खोलीत सारंगी शिकवायचे ना, अगदी तसं. सुरुवातीला सहा महिने मला एक सूर धड लागत नव्हता.

तर या वर्षी स्प्रिंग कॉन्सर्टला सरांनी होल्स्टचं "मार्स" काढलं. म्हणजे मंगळ. गुस्ताव होल्स्ट नावाचा इंग्लिश संगीतकार होता, त्याने ग्रहांवर सात तुकडे लिहिलेत, पृथ्वी सोडून सगळे, प्लूटो तेव्हा सापडलाच नव्हता. त्यातला पहिला मंगळ, युद्ध आणणारा. मूळ मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी आहे, आम्ही बँडसाठी केलेली अरेंजमेंट वाजवतो कारण आमच्याकडे व्हायोलिन वगैरे तंतुवाद्यं नाहीत, नुसती फुंकायची वाद्यं आणि ड्रम. आजीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर ती म्हणाली, मंगळाचं वाजवतोयस, मग जपून वाजव, कडक ग्रह आहे. खरंच कडक आहे, आजीचं बरोबरच होतं.

पहिल्या दिवशी सरांनी पार्ट वाटले आणि मी बघितलं तर पाच मात्रा! सगळी पोरं गडबडली, कारण इथे सगळं चारात नाहीतर तीनात, मार्चिंग बँडमध्ये तर डावा-उजवा डावा-उजवा, पाच कुठून आणणार. आणि मी मांडीवर आपोआप धी ना धी धी ना धरला. अर्धा झपताल! मला वाटलं जिंकलो आपण. पण नाही ना बसत. झपतालात दोन आणि तीन असे भाग पडतात, आणि इथे आधी तीन मग दोन, उलटं. दोन दिवस माझा हात सारखा चुकीच्या जागी पडत होता, मग घरी बसून मी त्याचे बोलच बनवले: तकिट धा धा, तक धा. तकिट धा धा, तक धा. म्हणून बघ जरा मोठ्याने, आत्ता, म्हणून बघच. तकिट एका मात्रेत, तक एका मात्रेत. अख्खा मंगळ यावर उभा आहे मन्या. हे एकच चक्र सुरुवातीपासून दळत राहतं, मधे थोडं थांबतं आणि परत येतं, आणि त्याला दयामाया काही नाही. मी ट्रॉम्बोनच्या पोरांना हे बोल शिकवले, मग ट्रम्पेटवाल्यांनी उचलले, शेवटी सरच म्हणाले की सगळ्यांनी म्हणा, आणि न्यू जर्सीतल्या बँड रूममध्ये साठेक पोरं "तकिट धा धा" म्हणतायत, काय सांगू तुला मला काय वाटलं.

सुरुवात एकदम हळू होते. मूळ ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले बो, म्हणजे गज, उलटा करून त्याच्या लाकडाने तारांवर टकटक करतात, टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, तीही लाकडी काठ्यांनी वाजते, त्यामुळे तो आवाज सुका येतो, हाडांचा असल्यासारखा. आमच्याकडे ते काम ड्रमवाल्यांनी केलं. आणि त्याच्यावर एक सूर हळूच चढतो. बघ, पेटी असेल तर काढ. सा लाव, मग प, आणि प वर स्थिर व्हायच्या आधीच खाली घसरून तीव्र म. बस, एवढंच. सा, प, तीव्र म. प वर गेल्यावर कसं घरी आल्यासारखं वाटतं, आणि हा माणूस तुम्हाला दारापर्यंत नेतो आणि अर्धी पायरी खाली ढकलतो. मी पहिल्यांदा पेटीवर वाजवलं तेव्हा अंगावर काटा आला, खोटं नाही सांगत.

मग ते वाढत जातं. हळूहळू. हे सगळ्यात अवघड आहे, हळूहळू वाढवणं, कारण पोरांना सगळा जोर पहिल्या मिनिटालाच द्यायचा असतो, मलाही. सर रोज ओरडायचे, "आत्ता नाही, आत्ता नाही, ठेवा राखून". मधे एक जागा आहे तिथे युफोनियम आणि ट्रम्पेट एकमेकांना हाका मारतात, रणशिंगासारख्या, युफोनियम म्हणजे लहान ट्युबा समज, जाड आवाजाचं पितळी वाद्य, ती वाजवणारी मुलगी माझ्या पुढच्याच रांगेत बसते, आणि ती ते इतकं स्वच्छ वाजवते की मी तिथे माझ्या मात्रा मोजायला विसरायचो. त्यानंतर सगळं एकदम खाली येतं, लय सुटते, खालच्या आवाजात काहीतरी सरपटत राहतं, आणि आम्ही परत वर येतो तेव्हा ते तकिट धा धा सगळा बँड एकत्र वाजवतो.

आणि शेवट. शेवटाला अख्खा बँड एकच कॉर्ड, म्हणजे बरेच सूर एकदम, ठोकतो. मग गप्प. परत ठोकतो. गप्प. आणि या गॅप सारख्या नाहीत, अंदाजाने वाजवलं की गेलं. मूळ स्कोअरमध्ये होल्स्टने शेवटाकडे चार एफ लिहिलेत, म्हणजे जोरात, त्याहून जोरात, त्याहून, आणि त्याच्याहून जोरात. तीन आठवड्यांपूर्वीच्या रिहर्सलला मी त्या गॅपमध्येच वाजवलं. एकट्याने. पूर्ण जोर लावून. सगळे शांत आणि माझाच ट्रॉम्बोन. सर काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले परत, पण मी घरी येऊन जेवलो नाही त्या दिवशी. त्यानंतर रोज रात्री मी ट्रॉम्बोन न घेता नुसता तो शेवट मोजायचो, भिंतीकडे बघत, कारण वाजवायचं कुठे ते मला येत होतं, थांबायचं कुठे ते येत नव्हतं.

याच काळात मी होल्स्टबद्दल वाचलं आणि हे तर तुला सांगायचंच होतं. पहिलं म्हणजे हा स्वतः ट्रॉम्बोन वाजवायचा! पियानोवाला व्हायचं होतं त्याला पण हात दुखायचा, नसांचा त्रास होता, म्हणून तो ट्रॉम्बोनकडे वळला आणि ऑर्केस्ट्रांमध्ये वाजवून पोट भरलं. दुसरं, तो शाळेत शिकवायचा, लंडनमधली मुलींची शाळा, १९०५ पासून १९३४ मध्ये वारेपर्यंत. म्हणजे हे एवढं प्रचंड काम त्याने सुट्ट्यांमध्ये आणि शनिवार-रविवारी केलंय. आणि तिसरं ऐक, तो संस्कृत शिकला होता. ऋग्वेदातल्या सूक्तांची भाषांतरं स्वतः केली आणि त्यांना चाली लावल्या. आणि १९०८ मध्ये त्याने "सावित्री" नावाचा छोटा ऑपेरा लिहिला, आपली सावित्री, महाभारतातली, वडाच्या पौर्णिमेची! तीनच पात्रं, सावित्री, सत्यवान आणि यम, आणि सुरुवातीला यमाचा आवाज पडद्याआडून येतो, एकही वाद्य नाही, नुसता आवाज. मी रात्री एक वाजता हेडफोन लावून ऐकलं. यमाला असंच यायला पाहिजे रे, वाद्यांशिवाय. आईला सांगितलं तर ती कितीतरी वेळ नुसती माझ्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, मला ऐकव.

मला इथे येऊन तीन वर्षं झाली तरी सारखं असं वाटायचं की पुण्यातला मी वेगळा आणि इथला मी वेगळा, तबला तिकडे, ट्रॉम्बोन इकडे. आणि मग हा शंभर वर्षांपूर्वीचा इंग्रज मास्तर निघाला, एका हातात ट्रॉम्बोन आणि दुसऱ्या हातात ऋग्वेद. मला त्याचा फार आधार वाटतो, का ते नीट सांगता येत नाही.

आणि मंगळ त्याने १९१४ मध्ये लिहिला, पहिलं महायुद्ध सुरू व्हायच्या आधी. लोकांना वाटतं युद्ध बघून लिहिलाय. पहिल्यांदा वाजला तो २९ सप्टेंबर १९१८ ला लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये, तेव्हा युद्ध संपायला अजून दीड महिना होता. ऐकणाऱ्या लोकांच्या घरातली पोरं तेव्हा खंदकात असणार. सरांनी हे आम्हाला सांगितलं आणि म्हणाले, हे वाजवताना हसायचं नाही, मजा येईल, खूप येईल, पण चेहऱ्यावर दाखवायची नाही. त्या दिवसापासून आमची वाजवायची पद्धतच बदलली.

आज संध्याकाळी सात वाजता कॉन्सर्ट. काळा शर्ट, काळी पँट. ऑडिटोरियम भरलेलं. आधी दोन छोटे पीस झाले, ते ठीक झाले. मग सरांनी पान उलटलं आणि काठी वर केली आणि थोडा वेळ तशीच धरली, पलीकडच्या रांगेत कोणीतरी नाकाने श्वास घेतला तेवढा फक्त ऐकू आला. मग सुरू. तकिट धा धा, तक धा. माझी एंट्री यायला वेळ होता, मी मोजत होतो, स्लाईड धरलेल्या हाताला घाम, आणि माझ्या मागे गाँग आहे, तो हळूच वाजायला लागला की खुर्चीच्या पाठीतून मणक्यात उतरतो. मग आम्ही उठलो, म्हणजे आवाज उठला. ट्रॉम्बोन असा असतो ना मन्या, की जोरात वाजवलास की दात थरथरतात, कवटी वाजते, आणि तरी तुला तुझा स्वतःचा आवाज वेगळा ऐकू येत नाही, शेजारचे दोघे आणि तू मिळून एकच काहीतरी झालेलं असतं. तुम्ही लक्ष्मी रोडला असता आणि ताशाच्या तर्रीवर सगळे ढोल एकदम पडतात, तेव्हा तुला होतं ना तसं? मी म्हणजे कोण तेच कळेनासं होतं?

आणि शेवट आला. कॉर्ड. गप्प. त्या गॅपमध्ये, मन्या, साठ जणांच्या छातीत हवा भरलेली आहे आणि कोणीच सोडत नाहीये. समोर एवढी माणसं आणि टाचणी पडली तर ऐकू येईल. वाजवण्यापेक्षा तेच जास्त होतं. आजवर मी इतका कोणाबरोबर कधी गप्प बसलो नव्हतो. कॉर्ड. गप्प. मी चुकलो नाही. एकदाही नाही. शेवटची कॉर्ड सरांनी कापली आणि आवाज छतात फिरत राहिला, आणि कोणी टाळ्याच वाजवेना, मला वाटलं आवडलं नाही की काय, आणि मग सगळं ऑडिटोरियम उभं राहिलं. युफोनियमवाली मुलगी मागे वळून बघत होती, तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती रडत होती. मीही.

रेकॉर्डिंग मिळालं की पाठवतो, पण फोनवर ऐकू नकोस, दादाचा मोठा स्पीकर लाव आणि दार बंद कर.

आणि एक काम आहे तुझ्याकडे. पथकाची प्रॅक्टिस सुरू व्हायला अजून वेळ आहे ना? तोपर्यंत ताशावर हे पाचाचं बसव. तकिट धा धा, तक धा, आधी तीन मग दोन, विसरू नकोस, झपताल नाही. तुला जमेल त्या लयीत. टोलवाला कोणी मिळाला तर त्याला नुसती पहिली मात्रा दे. रेकॉर्ड करून पाठव, मी इथून त्याच्यावर सा, प, तीव्र म वाजवतो. जुलैमध्ये येतोय आम्ही, ट्रॉम्बोन आणायला बाबांनी हो म्हटलंय.

काकूंना नमस्कार, दादाला सांग मी आठवण काढली.

तुझा,
पक्या