वाचनालयासाठी घरफाळ्यात जादा पैसे? देऊ की, पण आधी मतदान घ्या

मा. संपादक,
स. न.

आमच्या पेठेतल्या वाचनालयाची वार्षिक सभा नुकतीच झाली. विषय एकच, खर्च भागत नाही तर करायचं काय. वर्गणी वाढवा, नाहीतर अभ्यासिकेला फी लावा, नाहीतर हॉल बारशा-साखरपुड्याला भाड्यानं द्या, आणि मग हात वर करून मतदान. वर्गणी वाढवायचं ठरलं. सभेचा तो अधिकारच आहे, तक्रार नाही, पण हात वर करणारे आम्ही कोण, तर बहुतेक पेन्शनर. सकाळी पेपरच्या टेबलावर येणारे बरेचजण सभासदच नाहीत (पेपर वाचायला सभासद व्हावं लागत नाही, आणि तसंच पाहिजे), आणि अभ्यासिकेत बसणारी एमपीएससीची पोरं, राधानगरी भुदरगडकडनं येऊन कॉट बेसिसवर राहणारी, त्यांना सभा कधी झाली हे पण कळलं नसणार. म्हणजे वापरणारे एक आणि ठरवणारे दुसरेच.

आता मुळात पैसे कुठनं येतात ते बघू. आपल्याकडं 1967 चा ग्रंथालय कायदा आहे, त्यात अ ब क ड असे वर्ग आणि वर्गाप्रमाणं सरकारी अनुदान. कित्येक वर्षं ओरडल्यावर 2022 मध्ये 60 टक्के वाढ मिळाली, तेव्हा सत्कार पण झाले, पण मूळ आकडाच एवढासा की त्याच्या 60 टक्क्यात ग्रंथपालाचं घर चालत नाही. आणि या कायद्यात ग्रंथालय कर नावाची गोष्टच नाही. शेजारी निपाणीला तुमचे पाहुणे असतील तर त्यांची घरपट्टीची पावती मागून बघा, कर्नाटकात मालमत्ता करावर 6 टक्के ग्रंथालय उपकर आहे, त्यांचा कायदा 1965 चा. केरळात 5 टक्के. तमिळनाडूत तर 1948 पासून आहे. गोव्यानं आणि भारी केलं, दारू-बिअरवर उपकर लावून तो पैसा ग्रंथालयाला. (गोव्याला जाऊन येणारे कोल्हापूरकर बघितले तर तिथली बरीच पुस्तकं आपल्याच पैशाची असणार!)

असा उपकर आपल्याकडं लावला तर हिशोब सोपा आहे. ज्याचा घरफाळा (म्हणजे घरपट्टी) वर्षाला 3000 आहे त्याला 6 टक्क्यानं वर्षाला 180 रुपये. महिन्याला 15. मिसळीच्या एका प्लेटला जास्त जातात.

पण हा कर नुसता वरनं लादला तर कोल्हापूर काय करतंय हे सगळ्यांना माहीत आहे. टोलचं काय झालं? रस्ते झाले, नाके बसले, आणि आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं म्हणून गाव रस्त्यावर उतरलं, शेवटी 2015 ला टोल गेला. त्यावरनं बाहेरचे लोक म्हणतात कोल्हापूरकर पैसे द्यायला तयार नसतात. चूक आहे हे, तालमीच्या आणि मंडळाच्या वर्गणीला इथं कोण मागं हटत नाही. न विचारता घेतलेलं चालत नाही एवढंच.

म्हणून माझं म्हणणं, वॉर्डावॉर्डात मतदान घ्या, हा कर पाहिजे का नको. यावर लगेच कोणतरी म्हणणार की असं कुठं असतंय का. असतंय की! इंग्लंडात ग्रंथालयाचा कायदा 1850 ला झाला, म्हणजे आपलं करवीर नगर वाचन मंदिर ज्या वर्षी सुरू झालं त्याच वर्षी, आणि त्यात अट अशी होती की दहा हजाराच्या वर वस्ती असलेल्या गावानं कर भरणाऱ्यांचं मतदान घ्यायचं, दोन तृतीयांश 'हो' म्हणाले तरच कर, तो पण मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या दर पौंडाला अर्धा पेनी, आणि गंमत म्हणजे त्यातनं पुस्तकं घ्यायला परवानगी नव्हती, इमारत दिवाबत्ती पगार भागवा आणि पुस्तकं देणगीतनं मिळवा. 1855 ला ते सुधारलं. बर्मिंगहॅमसारख्या शहरात 1852 ला दोन तृतीयांश मतं पडली नाहीत, मग 1860 ला परत मतदान घेऊन मंजूर केलं. अमेरिकेत ओहायो राज्यात आजपण लोक ग्रंथालयाच्या करावर मत देतात, आणि तो कर ठराविक वर्षांसाठी असला तर मुदत संपल्यावर परत लोकांच्या पुढं यायचं.

बरं परदेश राहू दे. आपल्याच महाराष्ट्रात वॉर्डातल्या बायका मतदान करून दारूचं दुकान बंद करू शकतात, आडवी बाटली म्हणतो ते. दुकान बंद करायला मतदान चालतंय तर वाचनालय चालू ठेवायला का चालू नये? त्यासाठी कायदा बदलावा लागेल, मुंबईला जावं लागेल, सगळं मान्य. पण देशातला पहिला ग्रंथालय कायदा कुठं झाला? कोल्हापूर संस्थानात, 1945 ला, स्वातंत्र्याच्या आधी. 1949 ला संस्थान विलीन झालं आणि आपण ते विसरून पण गेलो.

दोन गोष्टी मात्र आधी लिहून घेतल्याशिवाय मी स्वतः 'हो' म्हणणार नाही. एक म्हणजे पैसा वेगळ्या खात्यात. बंगळुरात महापालिकेनं उपकर गोळा केला आणि ग्रंथालय खात्याला वेळेत दिलाच नाही, थकबाकी शेकडो कोटीत गेली. इथं पण तो पैसा गटारीच्या नाहीतर पगाराच्या बिलात गडप व्हायला वेळ लागणार नाही. आणि दुसरं, ज्या वाचनालयाला हा पैसा जाईल त्याचा वर्षाचा हिशोब दारावर लावायचा, आणि कमिटीत सभासद नसलेल्या वाचकांचा एक माणूस घ्यायचा. आमच्या कमिटीला हे आवडणार नाही, मला माहीत आहे, चहा प्यायला परत बोलवतील का नाही शंका आहे.

भाडेकरूंचं काय, हा प्रश्न राहतोच. घरफाळा मालक भरतो पण भाड्यात वसूल करतो, तेव्हा मत फक्त पावतीवर नाव असलेल्याला न देता वॉर्डाच्या यादीतल्या प्रत्येक मतदाराला द्यावं असं मला वाटतं. त्या कॉट बेसिसच्या पोरांचं नाव गावाकडच्या यादीत असतं, त्यांना कसं धरायचं हे मला अजून सुचलेलं नाही, कुणाला सुचत असेल तर याच सदरात लिहावं.

आपला,
एक वाचनालय सभासद
मंगळवार पेठ, कोल्हापूर