बाहेर ठेवलेल्या पिशव्यांबद्दल

आदरणीय सिस्टर,

सप्रेम जय ख्रिस्त.

आमच्या विद्यार्थी गटाचे वस्तीतील सेवेचे वर्ष गेल्या आठवड्यात संपले. निरोपाच्या वेळी मला काहीच बोलता आले नाही, म्हणून हे पत्र. आणि अशाच सेवेला निघालेल्या इतर विद्यार्थ्यांनाही ते वाचता यावे, म्हणून ते उघडपणे लिहीत आहे.

पहिल्या दिवशी आम्ही कपड्यांनी आणि वह्यांनी भरलेल्या पिशव्या घेऊन आलो होतो. तुम्ही त्या कार्यालयातच ठेवायला लावल्या, मोबाइलही काढून घेतले, आणि महिनाभर कोणाला काहीही न देता नुसते घरोघरी जाऊन बसा, माणसांची नावे लक्षात ठेवा, असे बजावले. मला तुमचा रागच आला होता. गरज डोळ्यांसमोर असताना रिकाम्या हातांनी का जायचे, असे मी तुम्हाला विचारले. पण हातात पिशवी नसेल तर त्या दारात आपण कोण म्हणून उभे राहायचे, ही माझी खरी भीती होती.

त्या संध्याकाळी तुम्ही लूककृत शुभवर्तमानाचा ९ वा अध्याय वाचलात. काठी, झोळी, भाकर, पैसा यांतले काही घेऊ नका, दोन अंगरखेही बाळगू नका, असे सांगून प्रभूने बारा शिष्यांना पाठवले, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते आणि तो मला त्यागाचा कडक नियम वाटत असे. ज्याच्याजवळ झोळी नाही त्याला दुसऱ्याच्या घरी पाहुणा व्हावेच लागते, हे मात्र तुम्ही दाखवून दिलेत. दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आजींनी आपली एकुलती एक चटई झटकून माझ्यासाठी अंथरली आणि त्या स्वतः उंबऱ्यावर बसल्या. त्या क्षणी मला जी लाज वाटली, तिथूनच माझे शिकणे सुरू झाले.

पुढे मी त्यांच्यासोबत रुग्णालयाच्या रांगेत कितीतरी सकाळी उभी राहिले. रांग पुढे सरकत नसे, आणि त्यांचा हात हातात धरण्यापलीकडे मला करण्यासारखे काही नसे. ‘कळवळा’ हा शब्द शुभवर्तमानात येशूबद्दल वारंवार येतो. तो मला उपासनेत जितका समजला नव्हता तितका त्या रांगेत समजला. माझ्या परीक्षेच्या दिवसांत आजी रोज माझे नाव घेऊन प्रार्थना करीत होत्या, हे मला फार उशिरा कळले.

फ्रेदेरिक ओझानामची गोष्टही तुम्हीच सांगितलीत. पॅरिसमध्ये १८३२ साली पटकीने थैमान घातले. पुढच्याच वर्षी, अवघ्या विशीतल्या या कायद्याच्या विद्यार्थ्याने मित्रांसह गरिबांची सेवा आरंभली. त्यांना वाट दाखवली ती शहरातल्या सर्वांत गरीब भागांपैकी एका भागात राबणाऱ्या सिस्टर रोझाली रान्दू यांनी: कोणत्या कुटुंबांकडे जायचे ते सांगितले आणि गरिबांना त्यांच्या घरी जाऊन भेटायला शिकवले. त्यातून उभी राहिलेली संत विन्सेंट डी पॉल यांच्या नावाची संस्था आज जगभर पोहोचली आहे, पण माझ्या मनात राहिली ती ही गोष्ट की त्या मुलांनाही आधी कोणीतरी दारापर्यंत न्यावे लागले होते. सिस्टर, आमच्यासाठी ते तुम्ही केलेत.

साधेपणाविषयी तुम्ही कधी प्रवचन दिले नाही. एकाच झोळीत तुमचे सगळे सामान मावते, हे आम्ही पाहत होतो. वसतिगृहातील माझे कपाट आता अर्धे रिकामे आहे. त्यात मोठेपणा काही नाही, दर गुरुवारी संध्याकाळी वस्तीत जायचे तर इतक्या वस्तू सांभाळायला वेळच उरत नाही.

माझी ती पहिली पिशवी अजून तुमच्या कार्यालयात आहे. येत्या गुरुवारी ती न्यायला येईन, पण आधी आजींकडे जाऊन येईन. त्यांनी बोलावले आहे.

आपली कृतज्ञ,
सेवागटातील एक विद्यार्थिनी