लिव्हिंगस्टनहून पत्र: फांद्या, शिक्के आणि एफडी

लिव्हिंगस्टन, झांबिया
3 ऑक्टोबर

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना
शि. सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे, मोटारसायकल धड आहे आणि पैसे पुरतायत. फोनवर आवाज तुटतो आणि आई नुसती "नीट सांग, नीट सांग" म्हणत राहते, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. नैरोबीपर्यंतचं तुम्हाला माहीतच आहे, आणि रोज किती किलोमीटर झाले ते दादाला कळवतेच. ते परत लिहीत नाही.

आई, आधी तुझ्या फांद्यांचं. फोटोत डांबरी रस्त्यावर झाडाच्या फांद्या दिसल्या आणि तू ठरवूनच टाकलंस की इथे रस्ता अडवून लुटतात. वर मावशीलाही सांगितलंस. तसं नाहीये गं. टांझानियात आणि झांबियात ट्रक बंद पडला की क्लीनर आधी खाली उतरतो, शेजारच्या झुडपाच्या चार-पाच फांद्या तोडतो आणि रस्त्यावर मांडतो. लाल त्रिकोण असतात, पण ते वाऱ्याने पडतात, कुणीतरी उचलूनही नेतं. फांदी फुकट मिळते आणि कुणी चोरत नाही. पहिली फांदी लांब, अगदी रस्त्याच्या कडेला. पुढच्या फांद्या थोड्याथोड्या आत सरकत येतात, आणि शेवटची ट्रकच्या मागे, आपल्या लेनमध्येच. ट्रक वळणावर किंवा चढाच्या पलीकडे असेल तर फांद्या वळणाच्या अलीकडेच सुरू होतात. म्हणजे ट्रक दिसायच्या आधी पाला दिसतो. पाला हिरवा असेल तर ट्रक आजच बंद पडलाय, पुढे माणसं वाकून काम करत असणार. पाला वाळून करकरीत झाला असेल तर एक तर ट्रक दोन-तीन दिवस तिथेच आहे, नाहीतर तो कधीच गेलाय आणि फांद्या उचलायचं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. समोरून येणाऱ्यांसाठी ट्रकच्या पुढेही तशाच फांद्या असतात. म्हणून पाला दिसला की अ‍ॅक्सिलेटर सोडायचा, पण झटकन उजवीकडे घुसायचं नाही, कारण समोरचाही तेच टाळायला बाहेर आलेला असतो. खरा धोका फांद्यांचा नाही, दगडांचा आहे. ट्रक मागे सरकू नये म्हणून चाकाखाली दगड लावतात आणि जाताना ते तिथेच सोडून देतात. अंधारात पुढचं चाक अशा दगडावर गेलं तर रिम वाकते. म्हणून मी अंधार पडल्यावर चालवत नाही. हे तुला आधीही सांगितलंय.

माझी गाडी बंद पडली तर मीही तेच करते: गाडी डावीकडे पूर्ण डांबराखाली घ्यायची, मागे पन्नास-साठ पावलांवर एक फांदी ठेवायची, मग हत्यारं काढायची. आणि निघताना फांदी उचलायची.

आता तुझा दुसरा प्रश्न, "एकटी असताना बंद पडली तर काय करणार?" आत्तापर्यंत दोन पंक्चर आणि एक क्लच केबल, एवढंच झालंय. पंक्चर काढणं हे अवघड काम नाही, घाईचं नाही इतकंच. चाक काढलं की आधी व्हॉल्व्हमधली पिन काढून हवा पूर्ण सोडायची. टायरची कड रिमवरून टाचेने दाबून सुटी करायची. लिव्हर लावायचा त्याच्या बरोबर समोरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलून ठेवायची. सगळी गोम इथे आहे. ती कड तिथे बसली तर टायर हाताने निघतो, नाहीतर दोन माणसांचा जोरही पुरत नाही. ट्यूब काढली की भोक कसलं आहे ते बघायचं. एकच टोचल्यासारखं असेल तर काटा किंवा खिळा. शेजारी शेजारी दोन चिरा असतील, साप चावल्यासारख्या, तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटलं असेल तर कमी हवेमुळे टायर रिमवर सरकला आणि त्याने व्हॉल्व्ह ओढला. त्याला पॅच लागत नाही, ट्यूबच बदलावी लागते. कारण न बघता पॅच मारला तर थोड्याच अंतरावर पुन्हा तेच काम. इथले बाभळीच्या जातीचे काटे तर टायरमध्ये मोडून बसतात, बाहेरून दिसतही नाहीत. आतून एक फडकं फिरवायचं, जिथे धागा अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नये. मग ट्यूब पॉलिश पेपरने घासायची, सोल्युशन पातळ लावायचं आणि चकाकी जाईपर्यंत थांबायचं. ओल्या सोल्युशनवर पॅच मारला की तो दुपारच्या उन्हात सुटतो, आणि ऑक्टोबर हा इथला सगळ्यात तापणारा महिना. ट्यूब आत घालताना तिच्यात थोडी हवा ठेवायची, म्हणजे ती पिळत नाही आणि लिव्हरखाली येत नाही. टायर चढवताना शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा. जास्तीच्या ट्यूब दोन्ही मापांच्या आहेत. जागा कमी पडली तर 21 इंची पुढचीच ठेवेन. अडीअडचणीला ती मागच्या चाकातही घालून पुढच्या गावापर्यंत जाता येतं.

क्लच केबलचं तर पाच मिनिटांत झालं. नवी केबल मुळातच जुनीच्या शेजारून नेऊन टेपने बांधून ठेवलेली आहे, टोकांना टोप्या घालून. जुनी तुटली की फक्त दोन टोकं बदलायची. ही युक्ती बाबांचीच, त्यांनाच सांगतेय.

बाबा, तुम्ही विचारलेल्या चार्जिंगचं. मल्टिमीटर रोज नाही, पण आठवड्याला लावते. गाडी बंद असताना 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू करून रेस दिली की 14 च्या जवळ. रेस देऊनही आकडा वर गेला नाही तर स्टेटर (इंजिनातली वीज तयार करणारी गुंडाळी) किंवा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा), आणि 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर नक्की. त्याआधी बॅटरीचे स्क्रू आणि रेग्युलेटरचं सॉकेट बघायचं, ते वितळून तपकिरी होतं. गाडी अजिबातच चालू झाली नाही तर आधी किल स्विच, मग साइड स्टँडचा स्विच, मग फ्यूज. ओशाळवाणं आहे, पण बहुतेक वेळा पहिल्या दोनातच सापडतं. चेनचा ढिलेपणा मी सामान लादून, गाडीवर बसून बघते. मोकळ्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन सामान लादल्यावर ताठ होते आणि गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगला मारते. जोडकडीची क्लिप मात्र कुठल्याही फुंडीने लावली तरी स्वतः तपासायची. बंद टोक चेन धावते त्या दिशेला, उघडं मागे. उलटी लागली तर घासून निघून जाते.

फुंडी म्हणजे स्वाहिलीत कारागीर, मेकॅनिकही तोच. केनिया-टांझानियात फुंडीची वाण नाही, कारण तिथे मोटारसायकलवर माणसं वाहतात, त्याला बोडाबोडा म्हणतात, आणि त्यात आपल्या आकुर्डीच्या बजाजची बॉक्सर पदोपदी. तिचे पार्ट माझ्या गाडीला बसत नाहीत, पण नटबोल्ट, बल्ब, केबलच्या गुंड्या, चेन तोडायचं हत्यार सगळं मिळतं. स्वाहिलीत वाहनाला "गारी" आणि विम्याला "बिमा" म्हणतात, त्यामुळे अर्धं संभाषण तसंच भागतं. दक्षिणेकडे येऊ तशा मोटारसायकली विरळ होतात, म्हणून इथून पुढचं सामान आधीच भरून घेतलंय: दोन ट्यूब, दोन्ही केबली, ब्रेक पॅडचा एक जोड, फ्यूज, जोडकड्या दोन, एम-सील, आणि फिल्टरमधून गाळून घ्यायला जाळीचं नरसाळं. पेट्रोल कॅनमधून विकत घ्यावं लागलं तर गाळल्याशिवाय टाकीत जात नाही. काळजी करू नका.

खरं सांगायचं तर मला बंद पडलेल्या गाडीची भीती वाटत नाही. तिचं काहीतरी होतंच. भीती शिक्क्याची वाटते, कारण तो राहिला तर दुरुस्ती नाही.

बाबा, तुम्ही सही केलीत त्या कार्नेचं, म्हणजे गाडी ड्युटी न भरता तात्पुरती परदेशात न्यायच्या कस्टम्सच्या वहीचं, एकेक पान असं असतं: वरचा भाग वहीतच राहतो, मधला बाहेर पडतानाचा, खालचा आत येतानाचा. देशात शिरताना कस्टम्सवाला खालची पट्टी फाडून घेतो आणि वरच्या भागावर शिक्का मारतो. बाहेर पडताना मधली पट्टी फाडतो आणि वर दुसरा शिक्का. वरच्या भागावर दोन्ही शिक्के नसतील तर गाडी त्या देशातच विकली असं धरलं जाऊ शकतं, आणि ड्युटीचा दावा त्या बँक गॅरंटीवर येतो. म्हणजे तुमच्या एफडीवर. नामांगाला, केनिया-टांझानियाच्या सीमेवर, दोन्ही देशांच्या खिडक्या एकाच इमारतीत आहेत. सोयीचं आहे, पण घोळही तिथेच होतो. पासपोर्टवर दोन शिक्के पटापट पडतात, टांझानियाच्या कस्टम्सची खिडकी समोरच दिसते, आणि केनियाच्या कस्टम्सचा बाहेर पडल्याचा शिक्का राहून जातो. म्हणून माझा नियम असा: वही उघडून वरच्या भागावर बोट ठेवून दोन्ही शिक्के आणि तारखा वाचल्याशिवाय हेल्मेट चढवायचं नाही. टुंडुमाला, टांझानिया-झांबियाच्या सीमेवर, ट्रकांची रांग लांबलचक असते, मोटारसायकल कडेने पुढे जाते, आणि दहाजण "कागद द्या, करून आणतो" म्हणत धावतात. नम्रपणे नाही म्हणायचं. कागद हातातून सोडायचा नाही, आणि चलन बदलायचं तर आधी स्वतः हिशेब करून. चासीचा नंबर चिखलाने भरलेला असला तर आदल्या रात्रीच पुसून ठेवायचा, कारण कार्नेवरचा नंबर ते वाकून स्वतः वाचतात. आपलं आरसीचं कार्ड बघून इथे कुणाचं समाधान होत नाही. झांबियात "व्हाइट बुक" मागतात, म्हणजे नोंदणीचं पुस्तक. रंगीत मोठी झेरॉक्स आणि आंतरराष्ट्रीय लायसन्स एकत्र पुढे केलं की भागतं.

तुम्ही दोन पिवळी कार्डं एकत्र केलीत, बाबा. कोमेसा या आफ्रिकेतल्या देशांच्या व्यापारी गटाचं यलो कार्ड हा गाडीचा थर्ड पार्टी विमा. तो केनिया, टांझानिया, झांबियात चालतो, पुढे नाही. बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिकेत अपघातातल्या जखमींच्या भरपाईचा पैसा पेट्रोलच्या दरातूनच कापला जातो. दुसरं पिवळं कार्ड म्हणजे यलो फीव्हरची लस. ते दहा दिवसांनी लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. ते पासपोर्टसोबतच आहे, मुंबईत उतरताना विचारलं तर दाखवीन.

उद्या कझुंगुला, बोत्स्वानाची सीमा. 2021 साली झांबेझीवर 923 मीटरचा पूल झाला, त्याआधी तराफ्यावरून जावं लागायचं. बोत्स्वानात शिरताना टायर आणि बूट औषधाच्या पाण्यातून काढायला लावतात, गुरांच्या रोगामुळे. तिथे कार्नेवर आत आल्याचा शिक्का घेतला की बोत्स्वाना आणि दक्षिण आफ्रिका मिळून कस्टम्सच्या दृष्टीने एकच. 1910 पासूनचा संघ आहे तो. मधल्या सीमेवर कुणी बाहेरचा शिक्का मारायला गेला तर थांबवायचं, तो डर्बनलाच घ्यायचा, गाडी घरी यायला जहाजावर चढेल तिथे.

आणि इथेच ते लग्नाचं येतं.

दादाचं 6 डिसेंबर ठरलं हे वाचून मी खूप खूश झाले, खरंच. पण एफडी तेव्हा मोकळी होणार नाही. गाडी न्हावा शेवाला उतरली, आपल्या कस्टम्सने परत आल्याचं लिहून दिलं, कार्ने ते देणाऱ्या संस्थेकडे जमा झालं, त्यांनी बँकेला पत्र दिलं, की मग गॅरंटी सुटणार. सगळं सुरळीत झालं तरी जानेवारी. हॉलचे पैसे त्यातून धरले होते हे मला माहीत नव्हतं असं नाही. सही करताना तुम्ही काही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही. माझ्या म्युच्युअल फंडातले एक लाख ऐंशी हजार काल काढलेत, चार दिवसांत आईच्या खात्यात येतील. हॉलचं त्यातून करा. घराचा हप्ता नेहमीसारखा पाच तारखेला जाईल.

गाडी तिथेच गोडाऊनमध्ये ठेवून ये, हे दादाचं म्हणणं बरोबर वाटतं, पण शिक्का पेटी जहाजावर चढते तेव्हाच पडतो आणि तो मी स्वतः बघितल्याशिवाय निघणार नाही. पेटीसाठी पेट्रोल पूर्ण काढणं, बॅटरी सोडवणं, हँडल आणि पुढचं चाक काढणं हे एका दिवसाचं काम. एजंट नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातलं जहाज म्हणतोय. म्हणजे केळवणांना मी नाही. हळदीला असेन. जहाज पुढे गेलं तर हळदीचं मी खात्रीने सांगत नाही, लग्नाचं सांगते.

त्या स्थळाचं म्हणाल तर त्यांनी "लग्नानंतरही गाडी चालवणार का" असं विचारलंय ना, तर "हो" म्हणून कळवा. रागावून नाही म्हणत. आधी विचारलं हे बरंच झालं.

आई, ब्लाउज जुन्या मापाने शिवायला टाकू नकोस. दंड आणि खांदे भरलेत. मापं दादाला आज पाठवते.

तुमची
धाकटी

ता. क. बाबा, केनिया आणि टांझानियाच्या पानांवरच्या दोन्ही शिक्क्यांचे फोटो तुम्हाला पाठवलेत. झांबियाचा दुसरा उद्या दुपारपर्यंत पाठवते.