‘आधी पत्र आणा’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी आपल्या अंकात एक बातमी येते. ‘मान्सूनपूर्व आढावा बैठक संपन्न, यंत्रणा सज्ज.’ सोबत तक्त्यात बोटी किती, लाइफ जॅकेट किती, पाणी उपसायचे पंप किती. हे आकडे खोटे नसतात. मीच असे आकडे २९ वर्षं पाठवले आहेत. मी नागपूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेत भांडारपाल होतो. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि मानेवर ऑडिटचं जू, अशी ती नोकरी. ‘बोट १, सुस्थितीत’ असं लिहून मी सही ठोकत असे. बोट सुस्थितीतच होती. तिचं इंजिन मात्र दोन पावसाळे सुरू करून पाहिलेलं नव्हतं, आणि तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

पण आज मला रकान्याबद्दल तक्रार करायची नाही. आपत्तीच्या रात्री शेजारच्या संस्थेचं साधन लगेच मिळावं, एवढं मागणं आहे, आणि त्यासाठी एक जुनी रात्र सांगायची आहे. साल आणि गाव सांगत नाही, दोन्ही सांगितलं तर माणसं ओळखू येतील.

नदीकाठची आमची खालची वस्ती बुडाली होती. आमच्याकडे एकच डिझेल पंप, तो आदल्या रात्रीच गाळ खाऊन बसलेला. शेजारच्या नगरपरिषदेकडे दोन पंप होते, अंतर पस्तीस-चाळीस मिनिटांचं. तिथला भांडारपाल माझा मित्र, आम्ही एकाच वर्षी नोकरीला लागलेलो. रात्री साडेदहाला मी फोन केला. तो म्हणाला, “भाऊ, पंप उभाच हाये, डिझेलबी हाये. पन कागद नाही तं देऊ कसा? उद्या ऑडिटवाला मलेच धरन.”

मी रागावलो नाही. त्याच्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. मग मुख्याधिकाऱ्यांना उठवलं, इमर्जन्सी लाइटच्या उजेडात पत्र टाइप केलं, जावक क्रमांक टाकला (हो, त्या रात्रीही टाकला), जीप पाठवली. तिकडच्या साहेबांची सही व्हायला सकाळ झाली. पंप अकराला पोहोचला. उतरवून बघतो तर त्याचं तोंड चार इंची आणि आमचा पाइप तीन इंची. सायकलची ट्यूब कापून, गुंडाळून, तारेनं आवळून आम्ही तो जोड बसवला. पंप सुरू केला की जोडातून कारंजं उडायचं आणि वस्तीतली पोरं टाळ्या पिटायची. दुपारपर्यंत नदी आपणहून उतरली. आमच्या पंपानं किती पाणी काढलं, ते देवच जाणे.

खरी गंमत नंतर सुरू झाली. जाताना पंपाची एक चकती तुटली. दुरुस्ती कोणी करायची? डिझेल त्यांचं जळलं की आमचं? ऑपरेटर त्यांचा, त्याचा जादा कामाचा भत्ता कोणाच्या शीर्षातून? पत्रांवर पत्रं झाली. पुढच्या लेखापरीक्षणात माझ्या मित्रावर आक्षेप निघाला: सक्षम मंजुरीविना नगरपरिषदेची मालमत्ता हद्दीबाहेर दिली. मुख्याधिकाऱ्यांची सही होती, पण ठराव नव्हता. तो निवृत्त झाला तेव्हाही आक्षेप निकाली निघाला नव्हता आणि उपदानाची (ग्रॅच्युइटीची) रक्कम सात महिने अडकली. मदत नाकारली असती तर त्याच्यावर एका ओळीचाही आक्षेप निघाला नसता. त्याच्या खुर्चीवर जो नवा पोरगा आला, त्यानं हे सगळं बघितलं होतं. आता रात्री कोणाचाही फोन आला की तो पहिल्याच वाक्यात म्हणतो, आधी पत्र आणा.

आता २३ सप्टेंबर २०२३ कडे येतो. त्या रात्री मी नागपुरात, अंबाझरी तलावाजवळच्या अंबाझरी लेआउटमध्ये मुलीकडे मुक्कामाला होतो, तळमजल्यावर. मध्यरात्रीनंतर जो पाऊस लागला तो आपल्या वाचकांना सांगायला नको. चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक. पहाटे मुलीनं पलंगावरून पाय खाली टाकला तो पाण्यात. नातू खिडकीतून ओरडला, “आजोबा, गाडी तरंगून राहिली!” फ्रिज आडवा झाला होता आणि दार उघडं पडून आतली कोथिंबिरीची जुडी खोलीभर फिरत होती. इतकं काही वाहून गेलं, पण डोळ्यांसमोर येते ती जुडीच.

आम्हाला गच्चीवरून बोटीनं काढलं. एनडीआरएफ आणि एसडीआरएफ (केंद्राचं आणि राज्याचं आपत्ती प्रतिसाद दल), लष्कर, अग्निशमनचे जवान, सगळे उतरले होते. शंकरनगरच्या मूकबधिर विद्यालयातल्या मुलांनाही असंच बाहेर काढलं. त्या जवानांबद्दल माझ्या तोंडून वावगा शब्द निघणार नाही. शहरात जीव गेले, ते आणखी गेले असते.

पाणी उतरल्यावर घराघरांत गुडघाभर गाळ उरला. गटारं तुंबलेली. ज्या गाड्यांनी चेंबर उपसायचे, त्या शहराला पुरेनात. माझ्या डोक्यात जुनी नोंदवही उघडली. माझ्या नगरपरिषदेत गाळ उपसायची गाडी होती, खरेदीच्या वेळी मीच ती नोंदवहीत चढवली होती. फोन लावला. “उभीच आहे काका. मागणी आली तर पाठवू.” मागणी कोणी करायची? मुलीच्या घरातून चिखल उपसत असलेल्या एका निवृत्त भांडारपालानं? महापालिकेतल्या माणसाला ती गाडी तिथं उभी आहे हे माहीत असायचं कारण नव्हतं, आणि तिकडच्या माणसाला न मागता पाठवायचं बळ नव्हतं. गाडी शेडमध्येच राहिली.

अंबाझरी तलाव महापालिकेचा. पण त्यात येणारं पाणी वाडी आणि हिंगणा एमआयडीसीच्या बाजूनंही येतं. म्हणजे पाऊस एका नगरपरिषदेच्या आणि एमआयडीसीच्या हद्दीत पडतो, तलाव महापालिकेच्या हद्दीत भरतो, नाग नदी फुगते, आणि शहराबाहेर पडून ते सगळं कन्हानच्या खोऱ्यात, पुढे वैनगंगेत जातं. ऑगस्ट २०२० च्या शेवटी पेंच धरणाचे दरवाजे उघडले तेव्हा कन्हानकाठच्या गावांची काय दशा झाली, ते कामठी-मौद्याकडचे लोक सांगतील. आणि आपल्याच जिल्ह्यातलं मोवाड? ३० जुलै १९९१. वर्धा नदीनं एका सकाळीत २०४ माणसं नेली. मोवाडला तेव्हाही नगरपरिषद होती. एवढ्याशा नगरपरिषदेनं एकटीनं कशाच्या जोरावर त्या नदीपुढे उभं राहायचं होतं?

सामान नाही म्हणून आपण अडतो, असं मला वाटत नाही. आपल्या जिल्ह्याइतकं सामान फार थोड्या जिल्ह्यांत असेल. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय नागपुरात. एनडीआरएफची अकादमी नागपुरात. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक कंपनी नागपुरात. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे आणि आयुध निर्माणीकडे स्वतःची अग्निशमन व्यवस्था. उमरेड-सावनेर पट्ट्यातल्या कोळसा खाणींचं तर पाणी उपसणं हे रोजचंच काम. त्यांच्या पंपांपुढे आमचे नगरपरिषदेचे पंप म्हणजे पिचकारी. देशभरातली पोरं आग विझवायचं शिकायला आपल्या गावात येतात, आणि आपल्याच जिल्ह्यातल्या दोन नगरपरिषदांच्या पाइपांची तोंडं जुळत नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

कायदा आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५. जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष, त्यांना साधनं अधिग्रहित करायचे अधिकार. कलम ४१ नुसार स्थानिक संस्थांनी आपली साधनं वापरता येतील अशी जय्यत ठेवायची. २०२५ च्या दुरुस्तीनं महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी वेगळ्या नागरी प्राधिकरणाची सोय केली. ती चांगलीच गोष्ट आहे, फक्त शहराचं प्राधिकरण हद्दीच्या पाटीपाशी थांबू नये. साधनांची यादी ऑनलाइन ठेवायची आयडीआरएन नावाची व्यवस्थाही वीस वर्षांहून जुनी आहे. पण अधिग्रहण हे मोठं हत्यार, ते वरून खाली चालतं. रात्री साडेदहाला एका भांडारपालानं दुसऱ्याला फोन केला तर काय करायचं, हे त्यात नाही. आणि आपत्तीची पहिली रात्र नेमकी त्या फोनवर अवलंबून असते.

म्हणून माझं मागणं एका कागदाचं आहे. महापालिका, जिल्ह्यातल्या सगळ्या नगरपरिषदा आणि नगरपंचायती, जिल्हा परिषद, एमआयडीसी आणि महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या साक्षीनं एक परस्पर मदतीचा करार करावा, तो आपापल्या सभेत ठराव करून आधीच मंजूर करून ठेवावा. त्यात लिहावं की नेमून दिलेल्या अधिकाऱ्यानं फोनवर मागितलं की साधन निघेल, वेळ लॉगबुकात टाकली जाईल आणि पत्र सात दिवसांत मागाहून येईल. डिझेल मागणाऱ्याचं. चालक-ऑपरेटरचा पगार आणि भत्ता देणाऱ्याचा. मोडतोड मागणाऱ्याची, त्याच्याकडे पैसा नसेल तर जिल्ह्याच्या निधीतून. माणूस जखमी झाला तर विमा कोणाचा, हे नावानिशी. आणि सगळ्यात आधी स्थानिक निधी लेखापरीक्षणवाल्यांना बोलावून त्यांच्याकडून लिहून घ्यावं की या करारानुसार दिलेल्या साधनावर आक्षेप निघणार नाही. हे शेवटचं झालं नाही तर बाकीचं चुलीत घाला.

पैशाचं म्हणाल तर पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांच्या आपत्ती निधीतले शंभरातले दहा रुपये पूर्वतयारी आणि क्षमतावाढीसाठी ठेवायला सांगितले होते. पाइपांचे जोड एका मापाचे करायला त्यातला चिल्लर खर्च लागेल.

यावर दोन्हीकडून कुरकुर होणार, मला ती पाठ आहे. शहर म्हणणार, आम्हीच नेहमी द्यायचं का? आजही हद्दीबाहेरच्या आगीला महापालिकेचेच बंब धावतात, ही गोष्ट खरी. छोटी गावं म्हणणार, आमची गाडी शहरानं नेली आणि त्याच रात्री आमच्याकडे पूर आला तर? अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं तिथल्या शहरांशी आणि परगण्यांशी १९५० सालीच असा करार केला, तो आजही चालू आहे. त्यात साफ लिहिलंय की मदत देताना स्वतःची साधनं वाजवीपेक्षा जास्त रिकामी करायची सक्ती कोणावरही नाही. आपल्याला हे कलम उचलायला कोणाची परवानगी लागत नाही. घरचंच उदाहरण हवं तर जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूणचा चिखल काढायला मुंबई-ठाण्याच्या महापालिकांची पथकं गेलीच होती. वरून आदेश निघाला की सगळं हलतं. आदेश निघेपर्यंतच्या दहा-बारा तासांसाठी मी बोलतोय.

छोट्या गावांकडे द्यायला काहीच नाही, हेही खरं नाही. कन्हान आणि वैनगंगेच्या काठी मासेमारी करणारे ढीवर बांधव आहेत. पाण्याचा रंग बघून खाली खडक आहे की डोह, हे सांगणारी माणसं. त्यांचे डोंगे कुठल्याच तक्त्यात नसतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसली होती. बोट होती, पण ‘आता बस, दुसऱ्या फेरीला या’ असं दरडावून सांगणारा हवा होता. साधनांच्या यादीत ही माणसंही फोन नंबरसकट यावीत, आणि त्यांना रोजचा मोबदला ठरवून मिळावा. नुसती शाल-श्रीफळाची हौस नको.

आढावा बैठकीऐवजी मे महिन्यात एक दिवस सगळ्या संस्थांनी आपापल्या बोटी, पंप, पाइप घेऊन अंबाझरीवर यावं. बोट पाण्यात टाकावी, इंजिन ओढावं, एकाचा पाइप दुसऱ्याच्या पंपाला लावून बघावा. जे सुरू होणार नाही ते तिथल्या तिथं यादीतून खोडावं. चहा-नाश्त्याचा खर्च बैठकीइतकाच येईल.

अशा कराराचा दीड पानी मसुदा मी करून ठेवला आहे. माझ्या त्या मित्रानं तो वाचला, दोन ठिकाणी लाल शाईनं दुरुस्त्या केल्या आणि ‘सक्षम मंजुरी’ या शब्दांखाली दोनदा रेघ ओढली. तीन प्रती तयार आहेत. कोणत्या कार्यालयात, कोणाच्या टेबलावर ठेवायच्या, एवढं कोणी कळवलं तर मी स्वतः नेऊन देईन आणि पोच घेईन.

आपला,
एक निवृत्त भांडारपाल,
त्रिमूर्तीनगर, नागपूर