दावा आणि पुनरागमन, दोन्ही सांभाळणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

कामावर जड खोका उचलताना माझ्या उजव्या खांद्याचा स्नायूबंध फाटला, त्यावर शस्त्रक्रिया झाली आणि आता मी पुन्हा पूर्ण वेळ कामावर रुजू झालो आहे. जखमी कर्मचाऱ्यांचे भरपाईचे दावे आणि त्यांचे कामावरील पुनरागमन पाहणे ही आपली नेमून दिलेली जबाबदारी आहे, हे मला ठाऊक आहे. तरीही ती आपण ज्या रीतीने पार पाडलीत, त्याबद्दल जाहीरपणे आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही.

अपघाताच्याच दिवशी वेळ, जागा, खोक्याचे वजन, उचलण्याची पद्धत आणि जवळ असलेल्या दोन सहकाऱ्यांचे म्हणणे आपण लिहून घेतले होते. तेव्हा मला ती निव्वळ औपचारिकता वाटली. पुढे विमा कंपनीने हा खांदा आधीपासूनच झिजलेला होता का, अशी विचारणा केली, तेव्हा त्या नोंदीचे मोल कळले. महिन्यांनंतर आठवून लिहिलेल्या जबाबावर शंका घेता येते, त्याच दिवशीच्या नोंदीवर घेणे अवघड असते. दाव्याची प्रत्येक पायरी, कोणता कागद कोणाकडे अडकला आहे आणि नकार आल्यास दाद कुठे मागायची, हे आपण मी विचारण्याची वाट न पाहता कळवत राहिलात.

परंतु आपले खरे ऋण वेगळे आहे. दाव्याचा निर्णय लागेपर्यंत कामावर परतण्याचा विषय काढू नये, असा सल्ला मला अनेकांनी दिला होता, कारण काम सुरू केले तर दुखापत किरकोळ ठरेल अशी त्यांना भीती होती. आपण या दोन गोष्टी स्वतंत्र ठेवल्या. रजा लांबत जाते तशी परतण्याची शक्यता घटत जाते आणि दुखेल या भीतीने न हलवलेला सांधा आणखी आखडतो, हे आपण मला आणि माझ्या घरच्यांना समजावून सांगितलेत. १९६४ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कामावरील दुखापतींविषयी केलेल्या करारातही भरपाईबरोबरच पुनर्वसनाची आणि योग्य कामावर नेमणुकीची अपेक्षा आहे, हे मला आपल्यामुळेच समजले.

डॉक्टरांच्या दाखल्यावर केवळ ‘कामास अयोग्य’ असा शेरा होता. त्यावर न थांबता आपण माझ्या संमतीने त्यांना माझ्या कामाचे सविस्तर वर्णन पाठवले आणि नेमके प्रश्न विचारले: किती वजन, खांद्याच्या वर हात नेता येईल का, किती वेळ बसता किंवा उभे राहता येईल. उत्तरांवरून आखलेल्या योजनेत सुरुवातीला दिवसाला चार तासच काम होते, उजव्या हाताने काही उचलणे पूर्ण वर्ज्य होते आणि फिजिओथेरपीची वेळ कामाच्या तासांतच धरली होती. दर पंधरवड्याला डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, सुपरवायझर आणि मी मिळून ती तपासत होतो.

हलके काम म्हणजे पुष्कळदा एका कोपऱ्यात खुर्ची आणि करायला काहीच नाही, असे असते. माणसाला त्यासारखे खचवणारे दुसरे काही नाही. आपण मला मालाच्या नोंदी तपासण्याचे आणि नव्या कर्मचाऱ्यांना सुरक्षित रीतीने वजन उचलायला शिकवण्याचे काम दिले. त्या कामाची खरोखरच गरज होती. सहकाऱ्यांनाही माझ्या मर्यादा आधीच सांगितल्या होत्या. आजाराचे तपशील मात्र सांगितले नव्हते. त्यामुळे ‘याला सवलत कशासाठी?’ असा प्रश्न मला एकदाही ऐकावा लागला नाही.

मधल्या काळात वेदना पुन्हा वाढल्या, तेव्हा मी फार निराश झालो होतो. आपण तास कमी केलेत, डॉक्टरांची भेट लवकर मिळवून दिलीत आणि असे चढउतार योजनेत गृहीतच धरलेले असतात, असे शांतपणे सांगितलेत. त्या आठवड्यात मी नोकरी सोडली नाही, याचे श्रेय मी आपल्याला देतो.

कायमस्वरूपी अपंगत्वाचे मूल्यमापन अजून व्हायचे आहे. त्यासाठी लागणारे सर्व अहवाल आपण सांगितलेल्या क्रमाने मी जोडून ठेवले आहेत. माझे सुपरवायझर आणि फिजिओथेरपिस्ट यांनाही माझी कृतज्ञता कळवावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एक कर्मचारी