रद्दीवाले मामा आणि मंडळींचे जाहीर आभार

सहावीच्या वर्गात 'वाचायला कुणाला आवडतं?' असं विचारलं की ठरलेले चार-पाच हुशार हात वर यायचे. बाकीच्यांच्या मते वाचन म्हणजे धडा आणि धडा म्हणजे प्रश्नोत्तरं. हे बदलायला ज्यांनी हातभार लावला, त्यांनी नावं छापायला साफ नकार दिलाय. म्हणून हे असे बिननावाचे आभार.

कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीतले रद्दीवाले मामा मुलांची मासिकं, चित्रकथा वजनावर न घालता आमच्यासाठी बाजूला काढून ठेवतात. एक निवृत्त बाई शनिवारी येतात आणि नुसतं मोठ्यानं वाचून दाखवतात. शेवटी प्रश्न नाहीत, सारांश नाही. (आम्हा शिक्षकांना नेमकं हेच जमत नाही.) पुस्तक आवडलं नाही तर अर्ध्यात सोडायची मुभा, हा नियमही त्यांचाच. रिक्षावाल्या काकांनी तर कुस्तीची बातमी अशी रंगवून वाचली, की मागच्या बाकावरच्या पैलवानानं दुसऱ्या दिवशी पेपरचं पान स्वतःच आणलं. 'सर, हे पण वाचनच का?' व्हय रे, हे पण.

१५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, फोटो निघतात. खरं काम इतर दिवशी होतं. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून ज्या गावात आहे, तिथल्या पोरांना ग्रंथालयाची पायरी परकी वाटायची. त्यांना तिथं नेऊन आणणाऱ्या कॉलेजच्या मुलामुलींचेही मनापासून आभार.

आणि मामा, चित्रकथा संपत आल्यात. बघा जरा.