मंत्रीमहोदय, गल्लीत पडलेली विद्यार्थिनी कोणाची?

माननीय मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मी सांगते आहे आणि धाकटा भाऊ टाइप करतो आहे.

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या मंगळवारी गोवंडीच्या शिवाजीनगरात कम्युनिटी पोस्टिंगवर, म्हणजे वस्तीत घरोघर जाऊन करायच्या प्रात्यक्षिकावर असताना माळ्यावरच्या खोलीतून उतरताना लोखंडी शिडीवरून पडले. शिडीला कठडा नाही, खांद्यावर तपासणीच्या सामानाची बॅग. मनगट मोडलं. चाळीस मुलींमागे एकच मॅडम, त्या पलीकडच्या गल्लीत. ज्या आजींचं ब्लडप्रेशर मोजायला गेले होते, त्यांच्या सुनेनं मला रिक्षात घातलं.

प्रत्येक पोस्टिंगला विमा आणि पुरेशा शिक्षिका देऊ, हे गेल्या वर्षी व्यासपीठावरून तुम्हीच सांगितलं होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. आता कॉलेज म्हणतं, विमा हॉस्पिटलच्या आवारापुरता. उपचाराचे अठरा हजार बाबांनी पतपेढीतून काढले. प्रात्यक्षिकांची हजेरी शंभर टक्के भरल्याशिवाय पदवी नाही, म्हणजे बुडालेले दिवसही मीच भरून काढायचे. हजेरी घेताना ती गल्ली आमचा वर्ग असते. हाड मोडलं की नसते.

बॅग उघडण्याआधी खाली वर्तमानपत्र पसरायचं, हात धुवायचे, हे आमच्याकडून घोटून घेतलंय. पण जिथे पाणी कॅनने विकत घेतात, तिथे तांब्याभर पाणी मागायला जीभ रेटत नाही. टीबीच्या पेशंटला पोषणासाठी महिना १००० रुपये मिळतात, हेही मी घरोघर सांगते. एका ताईंनी पासबुकच पुढ्यात ठेवलं. गोळ्यांचा चौथा महिना, जमा काहीच नाही. "तू सरकारकडूनच आलीस ना?" मी बावीस वर्षांची. काय उत्तर देऊ? तुमच्या वतीनं मान खाली घालायलाच आम्हाला पाठवता का?

याच गोवंडीत २०२२ साली गोवरानं लेकरं गेली. आरोग्यसेवा गावापर्यंत, वस्तीपर्यंत न्या, असं देशाच्या आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीनं १९४६ सालीच लिहून ठेवलंय. तुम्ही आजही वस्तीत कोणाला पाठवता? शिकाऊ मुलींना, आणि तुटपुंज्या मानधनावरच्या आरोग्यसेविकांना. दरवर्षी १२ मेला, परिचारिका दिनी, आमच्या हातात मेणबत्त्या देता, फोटो काढता. कायम नोकरीचं विचारलं की कंत्राट पुढे करता. सगळी यंत्रणाच आमच्या पायांवर चालते आहे, आणि ते पाय घसरले की कोणी ओळखही देत नाही.

विमा गल्लीपर्यंत आणा. दहा मुलींमागे एक शिक्षिका द्या. माझे दिवस हजेरीत धरा.

आणि एक. त्या आजींचं ब्लडप्रेशर १८० वर ११० होतं. तेच मॅडमना सांगायला मी घाईनं उतरत होते. फोल्डरमध्ये नोंद राहिली. नंतर तिथे कोणी गेलं का, हे मला अजून कोणी सांगत नाही. आज कोणाला तरी पाठवा.

आपली,
अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी, मुंबई